बर्लिनच्या नृत्यमहोत्सवांतील मेनका

बुलढाण्याच्या जवळच, पैनगंगेच्या कांठीं, देऊळघाट नांवाचें एक जुनें गांव आहे. माझें बालपण तेथें गेलें. होळी आटोपून गांवोगांवच्या जत्रा सुरू झाल्या म्हणजे एखादा तमाशाचा फड आमच्या गांवावरून पुढें जाई आणि एक-दोन रात्री नदीच्या वाळवंटांत मुक्काम करी. मी सात-आठ वर्षांचा असेन. एका भर दुपारीं फडांतली एक बाई आमच्या दारांत पाणी मागावयास आली. पायांत त्या वेळीं चाळ नव्हते. पण घोट्यांवर त्यांचे वळ उमटलेले होते, ते मला अजून दिसतात. आजीनें तांब्या भरून आणला, आणि बाईला ओसरीच्या खालींच उभी करून तिच्या ओंजळींत वरून पाणी ओतलें. बाई पाणी प्यायली, पदरानें तोंड पुसलें, "देव तुमचं भलं करो, माय," असें म्हणाली आणि निघून गेली. त्याच रात्रीं आमच्या घरांतली सारी पुरुषमंडळी तिचें नाचणें पाहावयास वाळवंटांत गेली होती. आजी खिडकी लावून घरांत बसली. परंतु चाळांचा आवाज खिडकीला जुमानीत नाहीं. तो तिनेंही ऐकलाच असला पाहिजे.

आज मी आपणांस ज्या नर्तकीची हकीकत सांगणार आहें, तिचा देऊळघाटाशीं कांहीं एक संबंध नव्हता. ती बंगालच्या बॅरिस्टराची कन्या, मुंबईच्या एका नामांकित शास्त्रज्ञाची पत्नी, आणि युरोपच्या मोठमोठ्या नाट्यगृहांतून टाळ्यांचा कडकडाट ऐकलेली विख्यात कलावती होती. तथापि तिची कथा वाचतांना त्या दुपारची ओंजळ माझ्या डोळ्यांपुढून हालत नाहीं. कारण दोन्ही ठिकाणीं प्रश्न एकच आहे. नृत्य पाहावयाचें, आणि नर्तकीला मात्र उंबरठ्याबाहेर ठेवावयाचें, ही जी आपली जुनी रीत, ती सुटली कशी? कितपत सुटली? आणि ती सोडविण्याच्या कामीं परदेशच्या टाळ्यांचा उपयोग किती झाला?

परदेशाच्या रंगभूमीवर भारतीय नर्तकी उभी राहण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. त्यापूर्वीं जवळजवळ शंभर वर्षें, म्हणजे १८३८ सालीं, पांडेचरीजवळच्या तिरुवेंदिपुरम् येथील देवळांत सेवा करणार्‍या पांच नर्तकी आणि त्यांचे तीन साथीदार तार्दिव्हेल नांवाच्या एका फ्रेंच गृहस्थाबरोबर करार करून पॅरिसला गेल्या होत्या. त्यांच्यांतील आमानी नांवाच्या तरुणीवर थेओफिल गोतिये या प्रख्यात कवीनें भरभरून लिहिलें, बार नांवाच्या शिल्पकारानें तिची लहानशी मूर्ति घडविली, आणि पॅरिसनंतर लंडनच्या आडेल्फी नाट्यगृहांतही त्यांचे प्रयोग झाले. परंतु युरोपच्या मनांत त्यापूर्वींच एक काल्पनिक 'बायादेर' ठाण मांडून बसलेली होती. १८३० सालीं पॅरिसच्या रंगमंचावर एका नृत्यनाट्यांत तालिओनी या गौरवर्णी नर्तकीनें भारतीय नर्तकीची भूमिका करून लोकांना वेडें केलें होतें. खरी नर्तकी समोर आली तेव्हां प्रेक्षक तिची तुलना त्या खोट्या नर्तकीशीं करूं लागले. आपण परदेशांत आपलें रूप घेऊन जातों खरे. पण आपल्या आधीं तेथें आपली एक सावली जाऊन पोंचलेली असते, आणि तिच्याशीं आपणांस झगडावें लागतें. हा अनुभव आमानीला आला, आणि पुढें शंभर वर्षांनीं मेनकेलाही आला.

विसाव्या शतकाच्या आरंभीं या सावलीचा खेळ अधिकच रंगला. अमेरिकेंतील रूथ सेंट डेनिस हिनें १९०६ सालीं 'राधा' नांवाचें नृत्य बसविलें. त्यांतील हिंदुस्थान तिनें त्या वेळीं डोळ्यांनीं पाहिलेला नव्हता. रशियाची जगद्विख्यात नर्तकी ॲना पावलोवा मात्र प्रत्यक्ष हिंदुस्थानांत येऊन गेली आणि तिला येथील नृत्याविषयीं खरीखुरी जिज्ञासा उत्पन्न झाली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून लंडनला चित्रकलेच्या अभ्यासासाठीं गेलेल्या उदयशंकर नांवाच्या तरुणाला तिनें हाताशीं घेतलें, आणि १९२३ सालीं लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्यें 'राधाकृष्ण' नृत्यांत तो तिच्याबरोबर कृष्ण म्हणून उभा राहिला. पुढें १९३१ सालीं उदयशंकरांनीं पॅरिसमध्यें आपली स्वतंत्र मंडळी उभी केली. या मंडळीच्या संगीताची बाजू सांभाळणार्‍यांत विष्णुदास शिराळी हे एक होते. ते आपल्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. गांधर्व महाविद्यालयांत भजन आणि ख्याल शिकलेल्या या गृहस्थानें जलतरंगापासून मृदंगापर्यंत अनेक वाद्यांचा मेळ बसवून पाश्चात्य प्रेक्षकांपुढें ठेवला. नृत्याच्या कीर्तींत वादकाचें नांव मागें पडतें, म्हणून तें येथें मुद्दाम सांगितलें.

आतां मेनकेकडे वळूं. तिचें मूळचें नांव लीला रॉय. जन्म १८९९ सालचा, पूर्व बंगालांतील बारिसाल येथला. वडील बंगाली, आई इंग्रज. शिक्षण कांहीं येथें, कांहीं इंग्लंडांत. व्हायोलिनचा तिचा चांगला अभ्यास होता. तिचा विवाह इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर साहेबसिंग सोखी यांच्याशीं झाला. हे सोखी म्हणजे मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक. प्लेगाच्या लसीवर त्यांनीं केलेलें काम वैद्यकाच्या इतिहासांत नमूद आहे. म्हणजे लीलाबाईंचें घर मुंबईचें, आणि तेंही अशा प्रतिष्ठित वर्गांतलें कीं जेथें पियानो वाजविणें हें भूषण, परंतु पायांत घुंगरू बांधणें ही बदनामी. अशा घरांतल्या विवाहित स्त्रीनें कथक शिकावयाचें, आणि तेंही दिवाणखान्यापुरतें नव्हे तर तिकिटें लावून रंगमंचावर करावयाचें, हें त्या काळीं केवढें धाडस होतें याची कल्पना आजच्या श्रोत्यांना सहज येणार नाहीं. पावलोवानें तिला उत्तेजन दिलें. तिनें पं. सीताराम मिश्र, लखनऊचे अच्छन महाराज अशा गुरूंकडे रीतसर तालीम घेतली, मणिपुरी नृत्याचाही अभ्यास केला, आणि रंगभूमीसाठीं 'मेनका' हें नांव धारण केलें. स्वर्गांतल्या अप्सरेचें नांव घेणें हें सुद्धां एक प्रकारचें उत्तरच होतें. पुराणांत जी चालते ती घरांत कां चालूं नये, असेंच जणूं तिनें विचारलें.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ही कला लीलाबाईंनीं शून्यांतून निर्माण केली नाहीं. लखनऊच्या महाराजांनीं, राजस्थानच्या कथकांनीं आणि त्यांच्या बरोबरीनें कोठ्यांवरच्या गायिका-नर्तकींनीं ती पिढ्यान्पिढ्या जतन केली होती. आपल्याकडे गोमंतकांतील कलावंतिणींच्या घराण्यांनीं आणि देशावरच्या फडांनींही तेंच केलें. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत नाचाच्या बैठकांविरुद्ध सुधारकांची चळवळ झाली. १९३४ सालीं मुंबई इलाख्यांत देवदासी-संरक्षणाचा कायदा झाला. मुली देवाला सोडण्याची चाल बंद व्हावी हा त्याचा हेतु, आणि तो सर्वथा योग्यच होता. परंतु चाल बंद करतांना त्या स्त्रियांच्या विद्येला दुसरें मानाचें घर मात्र समाजानें दिलें नाहीं. विद्या सोज्ज्वळ घराण्यांतील मुलींच्या हातीं आली. जिच्या घरून ती आली ती बाई मात्र ओसरीच्या खालींच उभी राहिली. मेनकेच्या धैर्याचें कौतुक करतांना ही दुसरी बाजू झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल.

मेनकेचें खरें कर्तृत्व कशांत होतें, तें थोडें उलगडून सांगतों. कथक हें मुळांत बैठकींतलें नृत्य. नर्तक एकटा; पुढें दहावीस जाणकार; सारंगीवर लहरा चालू आहे; नर्तक तोंडानें बोल म्हणतो, मग तेच पायांनीं काढतो, तबलजीला डिवचतो, तबलजी त्याला अडवितो, आणि दोघेही समेवर एकदम येऊन पडतात तेव्हां सार्‍या बैठकीच्या तोंडून 'वाहवा' निघते. या 'वाहवा'वर पुढचा तुकडा ठरतो. म्हणजे रसिक हा सुद्धां त्या नृत्याचा अर्धा भागीदार असतो. आतां हेंच नृत्य युरोपांतील नाट्यगृहांत नेऊन ठेवा. प्रेक्षक हजार, ते अंधारांत, नर्तक उजेडांत. त्यांना सम म्हणजे काय तें ठाऊक नाहीं, आणि नृत्य चाललेलें असतांना आवाज करणें हा तेथें असभ्यपणा. पडदा ठराविक वेळीं उघडावयाचा आणि ठराविक वेळीं पडावयाचा. आगगाडीनें दुसर्‍या गांवीं जाऊन दुसर्‍या संध्याकाळीं तोच कार्यक्रम तसाच्या तसा करून दाखवावयाचा. अशा ठिकाणीं मनाला येईल तसा विस्तार कसा चालणार?

मेनकेनें यावर जो तोडगा काढला तो असा. तिनें एकट्याचें नृत्य समूहाचें केलें. एकेक कथा घेऊन तिचे प्रवेश पाडले, कोणत्या मात्रेला कोण कोठें उभा असेल तें ठरविलें, आणि वादकांचा ताफा रंगमंचावरच बसवून संगीत आधींपासून बांधून घेतलें. अंबिक मुजुमदार यांच्याकडे संगीताची जबाबदारी होती, तर सरोदवादनाला लखनऊचे उस्ताद सखावत हुसेन खां यांच्यासारखा तालेवार कलावंत होता. 'कृष्णलीला', 'देवविजय नृत्य', 'मेनका लास्यम्' अशीं तिचीं नृत्यनाट्यें या पद्धतीनें बसलीं. रामनारायण, गौरीशंकर यांच्यासारखे परंपरेंत वाढलेले नर्तक तिच्या मंडळींत होते. जाणत्या रसिकाला यांत कांहीं गमावल्यासारखें वाटलें असेल; कारण बैठकीची ती आयत्या वेळची चकमक येथें उरली नाहीं. पण एका माणसाच्या पायांत कोंडलेली विद्या दहा-बारा माणसांच्या समूहांत मांडतां येते, तिच्यांतून नाट्य उभें करतां येतें, हें प्रथम दाखवून देणार्‍यांत मेनकेची गणना केली पाहिजे.

ही मंडळी घेऊन ती १९३६ सालीं युरोपच्या दौर्‍यावर गेली, आणि त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यमहोत्सवांत तिचे प्रयोग झाले. ऑलिंपिक सामने १ ऑगस्टला सुरू व्हावयाचे होते. त्यांच्या अगोदर कलेचाही मोठा मेळा भरवावा, निरनिराळ्या राष्ट्रांच्या नृत्यमंडळींना बोलवावें, आणि नव्या जर्मनीची रसिकता जगाला दाखवावी असा तेथील सरकारचा बेत होता. येथपर्यंत सारें सुरळीत वाटतें. पण तो बर्लिन कोणता होता? आदल्याच वर्षीं, १९३५ च्या सप्टेंबरांत, न्यूरेंबर्गचे कायदे होऊन ज्यू लोकांचें नागरिकत्व काढून घेण्यांत आलेलें होतें. परदेशी पाहुणे येणार म्हणून ज्यूंच्या विरुद्ध लावलेल्या पाट्या तेवढ्या रस्त्यांवरून उतरविल्या गेल्या होत्या.

या आमंत्रणाला सगळ्यांनींच होकार दिला नाहीं. अमेरिकेची मार्था ग्रॅहम हिला मोठ्या सन्मानानें बोलावणें आलें होतें. ज्या देशांत इतक्या कलावंतांचा छळ होऊन त्यांचें काम बंद पाडलें गेलें आहे, आणि जेथें माझ्याच मंडळींतील कांहीं जणींना मान मिळणार नाहीं, तेथें मी नाचणार नाहीं, अशा आशयाचें उत्तर तिनें पाठविलें. कुर्ट योस या जर्मन नृत्यरचनाकारानें आपल्या ज्यू सहकार्‍यांना काढून टाकण्याचें नाकारलें आणि १९३३ मध्येंच देश सोडला. आणि ज्याच्या हातीं या महोत्सवाचीं सूत्रें होतीं त्या रुडॉल्फ लाबानचें काय झालें? ऑलिंपिकनिमित्त त्यानें सुमारें एक हजार हौशी नर्तकांचा एक भव्य प्रयोग बसविला होता. जूनमध्यें त्याची रंगीत तालीम पाहावयास प्रचारमंत्री गोबेल्स स्वतः आला, आणि त्यानें तो प्रयोग तत्काळ बंद केला. पुढील वर्षीं लाबान देशोधडीला लागला. सत्तेच्या मांडवांत जो यजमान म्हणून मिरवतो, त्यालाही तो मांडव कधीं अंगावर येईल याचा नेम नसतो.

आपल्या देशाच्या दृष्टीनें पाहिलें तर प्रश्न आणखी बिकट होता. हिटलरनें आपल्या पुस्तकांत हिंदी स्वातंत्र्यवाद्यांची टवाळी केलेली होती. १९३६ च्या जानेवारींत म्युनिक येथील भाषणांत त्यानें गोर्‍या वंशाच्या जगावरील प्रभुत्वाचा पुनरुच्चार केला; त्या वेळीं युरोपांत असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनीं मार्च महिन्यांत पत्र लिहून त्याचा तीव्र निषेध केला होता. एकीकडे हें, आणि दुसरीकडे बर्लिनमध्यें प्रत्येक खांबावर स्वस्तिक! आपल्याकडे जें चिन्ह उंबरठ्यावर शुभ म्हणून काढतात, तें तेथें एका भयंकर सत्तेच्या निशाणावर वांकडें होऊन फडकत होतें. त्याच्या छायेंत हिंदुस्थानची नर्तकी कृष्णाच्या लीला दाखवीत होती.

प्रयोग मात्र यशस्वी झाले. महोत्सवांत मेनकेच्या मंडळीचा बहुमान झाला, आणि त्या बळावर जर्मनींत व इतर देशांत तिला आमंत्रणांवर आमंत्रणें आलीं. १९३६ पासून १९३८ पर्यंत ही मंडळी युरोपांत हिंडत होती. शेकडो प्रयोग झाले. आज एक शहर, उद्यां दुसरें. सकाळीं आगगाडी, दुपारीं तालीम, रात्रीं प्रयोग, आणि पुन्हां पेट्या बांधावयाच्या. देऊळघाटच्या वाळवंटांत उतरणारा फड आणि ही मंडळी यांच्यांत याबाबतींत मला फारसा फरक दिसत नाहीं. थंडींत तबल्याचा सूर सांभाळावयाचा, सरोदीच्या तारा जपावयाच्या, मोजे-बूट काढून गार लाकडी फळ्यांवर अनवाणी पायांनीं तत्कार काढावयाचा. फिरत्या कलावंताचें जिणें जगांत कोठेंही गेलें तरी असेंच असतें.

त्याच उन्हाळ्यांत बर्लिनमध्यें आपल्या वर्‍हाडचींही माणसें होतीं, हें पुष्कळांना ठाऊक नसेल. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक तेथें गेलें होतें आणि त्यानें हुतूतूसारखे आपले देशी खेळ परदेशीयांना करून दाखविले. ध्यानचंदांच्या हॉकी संघानें १५ ऑगस्टला अंतिम सामन्यांत यजमान जर्मनीचा ८ विरुद्ध १ असा पराभव केला. त्याच वर्षाच्या जूनमध्यें आपल्या देशांतील नभोवाणीला 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव मिळालें होतें. परतंत्र देशाला स्वतःचें असें निशाण नव्हतें. तेव्हां चेंडूच्या, मल्लखांबाच्या आणि घुंगरांच्या भाषेंत तो आपलें नांव जगाला सांगत होता. मेनकेच्या जाण्याचा विचार करतांना ही भूक लक्षांत घेतली पाहिजे. ज्याला घरांत कोणी नांवानें हांक मारीत नाहीं, तो परक्याच्या दारींही आपलें नांव सांगावयास उत्सुक असतो.

परंतु त्या दारीं नांवाचें पुढें काय झालें, तेंही पाहा. १९३८ सालीं 'एश्नापूरचा वाघ' या नांवाचा एक जर्मन बोलपट निघाला. हिंदुस्थानांतल्या एका काल्पनिक संस्थानची अद्भुत कथा. तिची नायिका एक भारतीय नर्तकी. या बोलपटांत मेनकेच्या मंडळीचें नृत्य घेतलें गेलें. पण नर्तकीची मुख्य भूमिका कोणाला मिळाली? व्हिएन्नाजवळ जन्मलेल्या ला याना नांवाच्या युरोपीय नटीला. म्हणजे खर्‍या नर्तकी मागें, आणि नर्तकीचें सोंग पुढें! शंभर वर्षांपूर्वीं आमानीला जी सावली आडवी आली होती, ती येथें पुन्हां उभी राहिली. युरोपनें टाळ्या वाजविल्या हें खरें. पण त्यांतल्या कित्येक टाळ्या समोरच्या माणसाला नसून स्वतःच्या मनांतल्या स्वप्नाला होत्या.

मग मेनकेनें बर्लिनला जावयास नको होतें काय? हा प्रश्न मला कितीदां तरी पडला आहे, आणि त्याचें उत्तर देतांना मार्था ग्रॅहमचें उत्तर आठवून माझी मान खालीं जाते. तिनें जें पाहिलें तें पाहावयास दिव्य दृष्टि लागत नव्हती. तें वर्तमानपत्रांत छापून येत होतें. तथापि एका गोष्टीचा विसर पडूं देऊं नये. ग्रॅहमच्या मागें एक स्वतंत्र राष्ट्र होतें, आणि घरीं परतल्यावर तिला तिचा रंगमंच होता. मेनकेला घरीं रंगमंच नव्हता. तिच्या कलेला 'कला' हें नांव सुद्धां स्वदेशांतल्या सुशिक्षितांनीं परदेशच्या वर्तमानपत्रांत वाचल्यावर मग दिलें. दोष द्यावयाचा तर तिच्या वांट्याला थोडा येईल. पण ज्या समाजानें आपल्या नर्तकीला मान मिळविण्यासाठीं इतक्या दूर, आणि तेंही अशा यजमानाच्या दारीं, जावयास लाविलें, त्या आपल्या समाजाच्या वांट्याला त्याहून अधिक येईल. आपल्या घरांतल्या वस्तूची किंमत शेजार्‍यानें सांगितल्यावांचून आपणांस कळूं नये, ही संवय पारतंत्र्याची आहे. आणि ती पारतंत्र्याबरोबर गेलीच असें नाहीं.

मेनकेचें मोठेपण मला बर्लिनमध्यें दिसत नाहीं. तें खंडाळ्यास दिसतें. युरोपांतून परत आल्यावर तिनें बोरघाटाच्या माथ्यावर, खंडाळ्याला, 'नृत्यालयम्' ही संस्था काढली. कथक, कथकली आणि मणिपुरी या तिन्ही पद्धतींचें शिक्षण एका आवारांत, गुरूंना सन्मानानें ठेवून घेऊन देण्याचा तो उपक्रम होता. येथें तयार झालेल्यांत पारशी समाजांतील शिरीन वजिफदार होत्या, आणि आपल्या मराठी दमयंती जोशी होत्या. दमयंतीबाईंची हकीकत मोठी हृद्य आहे. मेनकेचें स्वतःचें मूल गेलेलें. तिनें या लहान मुलीला आपली म्हणून वाढविण्याची इच्छा दर्शविली. परंतु मुलीच्या आईनें, वत्सलाबाई जोशी यांनीं, मुलीवरचा आपला हक्क सोडला नाहीं. अखेर दोघींनीं मिळून तिला वाढविलें. वत्सलाबाई मंडळीबरोबर राहिल्या, आणि मुलगी लहानपणापासून मेनकेच्या मंडळीबरोबर प्रवास करूं लागली. ज्या काळीं नाचणार्‍या मुलीला आईबाप टाकीत, त्या काळीं येथें एका नाचणार्‍या मुलीसाठीं दोन आया होत्या! पुढें दमयंतीबाईंनीं कथक नृत्यांत मोठें नांव मिळविलें. १९६८ सालीं त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० सालीं पद्मश्री हा बहुमान मिळाला. आणि आपल्या गुरुमातेचें चरित्रही त्यांनींच लिहून ठेवलें.

मेनकेच्या शेवटच्या मोठ्या निर्मितीचा येथें उल्लेख केला पाहिजे. १९३९ सालीं तिनें कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकावर नृत्यनाट्य बसविलें. त्यांतील कथा आपणांस ठाऊक आहेच. राजाच्या दरबारीं गणदास आणि हरदत्त या दोन नृत्याचार्यांचा वाद लागतो. शब्दांनीं निकाल लागणार नाहीं, प्रयोगानें लागेल, म्हणून दोघांनीं आपापली शिष्या पुढें आणावी असें ठरतें. आणि गणदासाची शिष्या मालविका नृत्य करते. म्हणजे नृत्यस्पर्धा, परीक्षक आणि राजाश्रय हें सारें आपल्याकडे दीड हजार वर्षांपूर्वींच रंगभूमीवर आलेलें होतें. आणि ही मालविका कोण? दासी म्हणून दरबारांत राहिलेली ती मुलगी वस्तुतः विदर्भाची राजकन्या आहे. नाटकाच्या अखेरीस तिची ओळख पटते, आणि मग तिला आसन मिळतें. बर्लिनहून परतलेल्या मेनकेला नेमकें हेंच नाटक निवडावेंसें वाटलें, यांत मला मोठा अर्थ दिसतो. नाचणारी मुलगी कोणाच्या कुळांतली आहे हें कळल्यावर तिला मान द्यावयाचा, कीं तिच्या विद्येला पाहूनच द्यावयाचा, हा प्रश्न कालिदासानें हळूच आपल्यापुढें ठेवला आहे. वर्‍हाडचा मनुष्य या नात्यानें मला तो जरा अधिकच टोंचतो.

मेनका १९४७ च्या मे महिन्यांत निवर्तली. स्वातंत्र्य अवघें अडीच महिन्यांवर आलें होतें. पुढचा मार्ग मात्र मोकळा झाला. त्याच १९४७ सालीं पुण्यांत रोहिणी भाटे यांनीं 'नृत्यभारती' काढली; १९५२ सालीं त्या भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर चीनला गेल्या. आतां नर्तकी परदेशीं जात होती ती स्वतंत्र देशाची प्रतिनिधि म्हणून. कोणाच्या मेहेरबानीनें किंवा कोणाच्या स्वप्नांतली बाहुली म्हणून नव्हे. १९८० नंतरच्या दशकांत ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, रशिया या देशांत भारतमहोत्सव झाले. आज पुण्या-मुंबईच्या घरोघरच्या मुली नृत्याच्या परीक्षा देतात, परदेशच्या महोत्सवांत भाग घेऊन येतात, आणि त्यांचे आईबाप मोठ्या अभिमानानें त्यांचीं छायाचित्रें भिंतीवर लावतात. याचें श्रेय ज्यांना आहे त्यांत मेनकेचें नांव पहिल्या ओळींत आहे, आणि आज तें नांव फार थोड्या घरांत ठाऊक आहे.

श्रोतेहो, आरंभीं ज्या बाईची आठवण मीं सांगितली तिचें नांव मला ठाऊक नाहीं. तिला कोणी बर्लिनला नेलें नाहीं, तिच्यावर कोणा कवीनें लिहिलें नाहीं. कित्येक वर्षांनीं, आजी फार थकली होती तेव्हां, तिला मीं त्या दुपारची आठवण करून दिली. ती थोडा वेळ गप्प बसली, आणि मग म्हणाली, "तिच्या पायाला काय गत होती रे! त्या रात्रीं सम कशी येऊन पडत होती, मी ऐकत होतें ना आंतून." सम हा शब्द तिला कोठून ठाऊक, हें विचारण्याचें मला त्या वेळीं सुचलें नाहीं. खिडकी लावून बसलेल्या त्या म्हातारीला जें नेमकें ऐकूं आलें होतें, तें बर्लिनच्या हजार प्रेक्षकांना ऐकूं आलें असेल कीं नाहीं, कोण जाणे. परंतु तिनें खिडकी उघडली नाहीं, आणि दुसर्‍या दिवशीं फड पुढच्या गांवीं निघून गेला.